पट्टीवरचा शेक

काकूंच्या दंडावर टपालाच्या तिकिटाएवढी पट्टी आहे. तिच्यातलं अफूच्या जातीचं औषध कातडीतून हळूहळू रक्तात उतरतं. हाडातला कॅन्सर असतो तिथंच, पण त्याच्या कळांचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, असं नर्सताईंनी सांगितलं. माझी शाळा सातवीतच सुटली, तरी एवढं कळलं.

दुपारी दंड गार लागला म्हणून मी शेकायची पिशवी घेऊन धावले. आमच्या गावी दुखण्याला पहिला शेकच. तपासायला आलेल्या नर्सताईंनी माझा हात धरला. "अगं बये, पट्टीवर शेक? उष्णतेनं औषध भसकन आत जाईल, श्वासच मंदावेल!"

तेव्हापासून चैन नाही. या परक्या शहरात काकूंनीच मला घरात ठेवून घेतलं. त्यांची शाल वर-खाली होतेय ना, तेच बघत बसलेय. आईचे गुडघेही दुखतच असतील. फोनवर मात्र "बरी आहे" एवढंच पोचतं. लांब राहणं हीसुद्धा एक पट्टीच का?

"टक लावून काय बघतेस? पाय चेप," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या.

मी पाय चेपतेय, नजर शालीवरच आहे. संध्याकाळी आईला फोन करीन. कशी आहेस असं नाही, कुठं दुखतंय असं विचारीन.