दादाची हनुवटी

माझा दादा गाड्या रंगवायचा, पण ‘रंग मारतो’ असं त्याच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. “मारतात भिंतीला. गाडीला चढवतात,” असं तो सुनवायचा. उन्हानं विटलेल्या जुन्या गाडीला नवं दार बसवलं, की तो थेंबाथेंबानं रंग मिसळून असा जुळवायचा की बदललेलं दार कुठलं हे मालकालाच विचारावं लागे. मी बहीण आहे म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो एक नंबरचा हट्टी होता, हेही सांगून टाकते.

त्याची दाढी गॅरेजात प्रसिद्ध होती. काळीभोर, भरघोस, तळहाताच्या फोडासारखी जपलेली. लहानपणी कुत्र्यानं हनुवटीचा लचका तोडला होता आणि शाळेतली पोरं त्याला ‘उष्टा’ म्हणायची. दाढीचे केस फुटले तसा त्यानं चेहऱ्याला वस्तरा लागू दिला नाही. लग्नात दाढी होतीच. वीस वर्षं संसार झाला तरी वहिनीनं त्याची हनुवटी पाहिली नव्हती, आणि आम्हा घरच्यांनाही त्याबद्दल अवाक्षर काढायची बंदी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दादा वर्षानुवर्षं तोंडाला फडकं बांधून रंग फवारायचा आणि संध्याकाळी थिनरनं हात धुवायचा. फडकं धूळ अडवतं, वाफ नाही. हळूहळू त्याला खोकला धरला, मग जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छाती तपासून सरळ सांगितलं, “ही वाफ आत जाणं थांबलं पाहिजे, नाहीतर हे काम सोडा.” रंगाशिवाय दादा कसा दिसेल, हे माझ्या डोळ्यांपुढे येईना.

पण तो हातपाय गाळणाऱ्यातला नव्हता. आठवडाभरात त्यानं हातमोजे, चष्मा, अंगभर झगा, आणि दोन्ही बाजूंना वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या असलेला रबरी मास्क आणला. वाफ बाहेर ओढणारा पंखा गॅरेजच्या मालकाच्या मागे लागून बसवून घेतला. थिनरनं हात धुणं बंद. इतक्या वर्षांची सवय एका झटक्यात सोडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

तरी खोकला हटेना. मास्कच्या आतही थिनरचा वास यायचा. त्यानं डब्या बदलल्या, पट्टे आवळले. मग कुणा पेंटरनं अक्कल शिकवली, की दाढीला व्हॅसलीन चोपड, म्हणजे मास्कखालची फट बुजते. महाशयांनी चोपडलं. मास्क घसरून गळ्यात आला आणि घरातले उशीचे अभ्रे वाया गेले. वास होता तसाच.

शेवटी वहिनी त्याला सुरक्षेचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात घेऊन गेली. मीही गेले. दुकानदारानं मास्क लावायला सांगितला.

“आता दोन्ही डब्यांवर तळहात दाबून श्वास घ्या.”

दादानं आरामात श्वास घेतला.

“आला?”

“आला की.”

“तेच चुकतंय. यायला नको. मास्क तोंडावर आत ओढला गेला पाहिजे. तुमची हवा दाढीतून येतेय.”

“केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच,” मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

दाढीवाल्यांसाठी नळीतून स्वच्छ हवा येणारा टोप असतो, असं दुकानदार म्हणाला, पण त्याची यंत्रणा दादाच्या गॅरेजात नव्हती. दादानं मास्क काढून वहिनीच्या हातात दिला आणि तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

दोन दिवस तो कामावर गेला नाही. तिसऱ्या सकाळी त्याचा मला फोन आला. “ये जरा. तू माझी हनुवटी पाहिलेलीच आहेस.”

न्हाणीघरात मी टॉवेल धरून उभी राहिले. त्यानं आधी कात्री चालवली, मग वस्तरा. रंगाचा साधा ओघळ येऊ न देणारा तो हात थांबत थांबत चालला. हनुवटी उघडी पडली तसा आरशात माझा शाळकरी दादा दिसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

तो हनुवटीवर हात ठेवूनच बाहेर आला. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं उठून त्याचा हात बाजूला केला, माझ्या हातातल्या टॉवेलच्या टोकानं त्याची हनुवटी पुसली आणि ती म्हणाली, “साबण राहिलाय.”

“तुला काहीच वाटलं नाही?”

“लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुम्हाला ताप भरला होता. तेव्हा तोंड कोण पुसत होतं? बोटांना कळतं की.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढ्या कष्टानं लपवत होतात. मोडावंसं वाटलं नाही.”

दादा कामाचे कपडे घालून निघाला, आणि आम्ही दोघी न बोलावता त्याच्या मागे गेलो. गॅरेजातली माणसं हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघू लागली. त्यानं त्यांना पोटभर बघू दिलं. मग मास्क चढवला, डब्यांवर तळहात दाबले आणि श्वास ओढला. रबर गालांना गच्च चिकटलं. आत काहीसुद्धा आलं नाही. तो तसाच श्वास कोंडून उभा राहिला, इतका वेळ की वहिनीनं पुढे होऊन त्याचे हात खाली घेतले.