काहिलीत शिजलेल्या काड्या

काहिलीत शिजणाऱ्या द्राक्षकाड्यांचा वास मला अजूनही अवचित गाठतो: ओला भुसा, धुण्याचा साबण आणि त्यामागून येणारा किंचित आंबूस गोडवा. पिंपळवंडीच्या आमच्या मळ्यात, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, मी आणि माझी मैत्रीण तो वास दिवसभर अंगावर वागवत असू.

ती मंचरची. जुन्नरला शिकताना आम्ही एका खोलीत राहिलो. मी कवितेकडे वळले, ती रसायनशास्त्राकडे. पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर एका उन्हाळ्यात ती आली आणि म्हणाली, छाटलेल्या काडीतून केसाहूनही कितीतरी बारीक तंतू सुटे करता येतात. नॅनोसेल्युलोज. शब्द मला परका होता. पण तिने बाटलीतून माझ्या तळहातावर ओतलेला तो पदार्थ जेमतेम विरजलेल्या दह्यासारखा होता, गार आणि थरथरता. तो रद्दीच्या लगद्यात मिसळून तिने केलेला कागद मी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. फाटला नाही, नुसता खणखणला.

आमच्याकडे रीत अशी, की छाटणीला येणाऱ्या बायकांनी संध्याकाळी काड्यांचा भारा चुलीसाठी न्यायचा. मजुरीत तो धरलेला नसे. तो त्यांचा हक्कच.

“काड्या मळ्यातच राहू देत,” मैत्रीण म्हणाली. “लगदा इथेच शिजवू, कागद याच बायका करतील. तू सांग त्यांना. तुझं ऐकतील.”

मी सांगितले.

“आमी कागद करायचा, वैनी? आमाला सही येत न्हाई!” एक म्हणाली, आणि हशा पिकला.

“तुज्या सहीला ईचारतंय कोण? भाकरी थापती तसा थापायचा.”

“आन तवर चुलीत काय, पाय लावू माजं?” तिसरीने विचारले. ती हसत नव्हती.

“एवढा हंगाम कळ काढा,” मी म्हणाले. “पुढच्या छाटणीपासून वर्षभराचं काम आहे.”

त्यांनी भारे सोडले. साली सोलल्या, जुन्या गुऱ्हाळाची काहील पेटवली, कॉस्टिक सोड्याच्या वाफेने डोळे चुरचुरले तरी ढवळत राहिल्या. मऊ, पिवळसर लगद्याचे डबे घेऊन मैत्रीण पुण्याला गेली. आधी तिचे फोन येत. मग मीच करू लागले.

पुढच्या छाटणीला बांधावर ट्रक उभा राहिला. सोबत काड्या भरडणारे यंत्र, परजिल्ह्यातल्या कागद कारखान्याचा माणूस, आणि ती. सगळ्या शिवारातल्या काड्या कारखान्याला द्यायचे ठरले होते. आमच्या घरच्या पुरुषांनीही होकार देऊन टाकला होता. मला ते यंत्राच्या घरघरीत कळले. बायका कडेला उभ्या होत्या. ट्रकमध्ये चढत जाणाऱ्या काड्यांवरून त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

मी मैत्रिणीला बाजूला ओढले. “काम इथेच करायचं ठरलं होतं आपलं. तुझ्या भरवशावर मी शब्द दिलाय त्यांना. आता कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर जाऊ?”

ती रागावली नाही, ओशाळलीही नाही. माझ्या गालावर उडालेला भुसा तिने रुमालाने हलकेच टिपला आणि लाडाने, अगदी लाडाने म्हणाली,

“भाबडी!”