पातेलंभर गावरान अंडी

आता मीही कोंबड्या पाळते; जिंतूरहून आणलेली त्यांच्या जंताच्या औषधाची बाटली उघडली की तो उग्र वास नाकात शिरतो आणि मला टायफॉईडमधून उठलेले दिवस आठवतात. भिंतीपलीकडं राहणारी माझी धाकटी जाऊ एका सकाळी पातेलंभर गावरान अंडी घेऊन आली. एरवी एक अंडं मागितलं तरी तोंड वाकडं करणारी, त्या दिवशी म्हणाली, "अक्का, रोज दोन खा, अंगात ताकत यील." माझे डोळेच भरून आले. अंडी संपल्यावर पातेलं रिकामं कसं द्यायचं, म्हणून शेंगदाण्याचे लाडू वळले आणि ते घेऊन तिच्याकडं गेले. परसात कोंबड्यांच्या पाण्याला हाच उग्र वास येत होता. आत दीर म्हणाला, "आज तरी अंडी कर की." ती खेकसली, "कितीदा सांगू? कोंबड्याला जंताचं औषध पाजलंय, इतक्यात अंडी खायची नसतेत. म्हनून तर निघाली तेवढी अक्काला दिली." लाडवांचं पातेलं उंबऱ्यावर ठेवून मी तशीच माघारी फिरले. परवा एका बारशात ती माझ्याच शेजारी बसून बायकांना सांगत होती, "अक्काला त्या दुखण्यातून मीच उठवलं, अंडी खाऊ घालून." बायका माझ्याकडं बघून कौतुकानं हसल्या, आणि माझ्या नाकात तो वास भरला.