जमिलाबीची ईद

जमिलाबी शिरूरच्या दवाखान्यात वारली, असा निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रडू नाही आलं. आधी राग आला, तो तिच्या सलीमचा आणि त्याच्या दौंडकडच्या कंपनीचा. आईच्या मयतीला त्याला फोनवर रजा मिळाली. थोड्याच दिवसांपूर्वी ईदला मात्र मिळाली नव्हती...

निमोण्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचे गुडघे गेलेले, म्हणून रमजान संपत आला की चंद्र बघायला मी माझ्या गच्चीवर चढायचे आणि ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. मी वरून ओरडायचे, "दिसला गं!" ती ढिम्म.

"तुझी साक्ष चालत न्हाई, सुभद्रे. मशिदीतनं सांगू दे."

"का? माझ्या डोळ्यांत माती गेलीय व्हय?"

ती हसायची. मशिदीचा भोंगा बोलला की मात्र गुडघे विसरून शिरखुर्म्याचं दूध तापवायला पळायची.

यंदा कॅलेंडरातल्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सलीम बायकोपोरांना घेऊन आला. जमिलाबीनं खजूर, चारोळी भिजत घातलेली. आणि नेमकं आभाळ आलं. चंद्र मला दिसला नाही, कुठून खबरही आली नाही. म्हणजे सुट्टीच्या दिवशी रोजाच, ईद दुसऱ्या दिवशी. सुट्टीच्या सकाळी सलीमनं उद्याच्या रजेसाठी साहेबाला फोन लावला आणि तोंड पाडून आला. "मावशी, साहेब म्हणतो, कॅलेंडरात तुमची ईद आज हाय, उद्याची कसली काढली?"

मी जमिलाबीला म्हटलं, "आजच कर खुर्मा. पोरगं आलंय, सरकारनं सुट्टी दिलीय."

"सुट्टी सरकारची हाय. ईद न्हाई."

मग मी सलीमवर घसरले. "दांडी मार की एक दिवस!"

"कंत्राटावर हाय मी, मावशी. दांडी मारली तर गेटवरनंच माघारी लावतील."

दोघंही आपल्या जागी बरोबर होते, त्याचाच मला जास्त संताप आला. रोजा सोडून तो संध्याकाळी बायकोपोरांना घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी हिनं नवं लुगडं नेसून सगळ्या आळीला खुर्मा वाटला, आणि माझ्याकडे येऊन वाटी तशीच समोर ठेवून बसली. "पोराच्या तोंडाला लागला न्हाई," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "पुढच्या ईदला खाईल." हेही उगाच बोलले.

परवा बकरी ईदचा चंद्र होता. सवयीनं गच्चीवर गेले. दिसला, आणि सवयीनंच खाली ओरडलेही. पायरीवर कोण असणार?

जरा वेळानं सलीमचा फोन आला. "मावशी, इकडं ढग हायती. तुमच्याकडं चंद्र दिसला का?"

"दिसला. पण माझी साक्ष चालत न्हाई, मशिदीत इचार," मी म्हटलं. "आन् त्याच्या आधी रजा टाक."

तो म्हणाला, "आता कुणासाठी टाकू, मावशी?"

मी फोन ठेवून दिला आणि त्या पायरीवर जाऊन बसले. थंडगार होती.