दोर धरणाऱ्याचं काम

विहिरीवरच्या मोटारीचे पार्ट आणायला जळगावला गेलो होतो. एसटीडी बूथवरून सहज माझ्या दुकानात फोन लावला, तर कळलं, सकाळी नाना गेले. पुढची बस तासाभराने होती. तो तास मी स्थानकावर नुसता येरझारा घालत होतो... नाना असते तर म्हणाले असते, "तुले बठ्ठं येस, फक्त उभं ऱ्हावाले येत नही." सगळं येतं, स्वस्थ उभं राहणं तेवढं नाही.

धुळ्याजवळच्या आमच्या गावात नाना माझे शेजारी. नौदलात पाणबुडे होते. निवृत्त होऊन आले तेव्हा पाठीवरचं सिलिंडर तिकडेच राहिलं, सवयी तेवढ्या सोबत आल्या. विहिरीत पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला की मोटार मी बघायचो, बुडी नाना मारायचे. उतरण्याआधी काठावर पाच मिनिटं स्वस्थ बसायचे. कमरेच्या दोराची गाठ मी मारलेली असली तरी स्वतः चाचपायचे. मला राग यायचा. एकदा शेतात पाण्यावाचून कांदा वाळत होता, मालक हातापाया पडत होता, आणि हे म्हणाले, "नाक बंद शे. आज जमाव नही." बंद नाकाने खोल गेलं की कानाचा पडदा फाटू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. लोकांनी भित्रा म्हटलं. नाना हसत घरी गेले. चार दिवस धुमसत राहिलो तो मी.

दोराचा कायदा एकच होता. खालून एक हिसका म्हणजे 'आहेस ना?' वरून एक हिसका म्हणजे 'आहे.' एवढंच माझं काम.

एका उन्हाळ्यात तेवढंही जमलं नाही. नाना खाली गेले आणि मला मोटारीचा एक नट ढिला दिसला. मिनिटभराचं तर काम! दोर खांबाला अडकवून मी पान्हा घेऊन वळलो... नाना वर आले ते खोकतच, घोट्यातून रक्त येत होतं. पाय पाइपाखाली अडकला होता. तीनदा हिसका दिला होता त्यांनी.

"कोठे व्हता रे?" एवढंच म्हणाले. मग नेहमीसारखा दोर उन्हात वाळवला, गुंडाळला, माझ्याबरोबर चहा घेतला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या बुडीला दोर अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात होता. त्यानंतर कायम तिथेच राहिला. चेष्टा, जेवणं, सगळं पूर्वीसारखं चालू होतं. दोर तेवढा मला परत मिळाला नाही, आणि मागायचं तोंड मला नव्हतं. लाज वाटायची, अजून वाटते.

परवा अक्कांनी बोलावलं. खुंटीवरचा दोर काढून माझ्या हातात ठेवला.

"तुलेच देवाले सांगेल शे तेसनी." दोर मलाच द्यायला नानांनी सांगून ठेवलं होतं.

"आखो काय बोलनात?" आणखी काही म्हणाले का, मी विचारलं.

"काहीच नही."

माफ केलं म्हणून दिला, की आठवण राहावी म्हणून? दोन्ही बाजूंनी विचार करून डोकं पिकलं. दोर आता माझ्या दुकानात टांगलाय. काम करता करता मी उठतो, त्याला एक हिसका देतो, परत येऊन बसतो. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं? काही नाही म्हणतो. खालून आता कोणी विचारत नाही... मी मात्र दिवसातून दहादा सांगतो, आहे, नाना, इथेच आहे.