गच्चीवरची अंबाडी

आपल्या घरात गांजा पिकतो, हा शोध माझ्या नवऱ्याने एका रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना लावला. खाली आला तेव्हा ओला टॉवेल तसाच खांद्यावर होता आणि फोन माझ्या नाकासमोर. फोनमध्ये गांजाच्या पानाचा फोटो होता, पंजासारखी लांब लांब बोटं आणि कडेला करवतीचे दाते. हेच वर आहे, म्हणाला, आणि एक नाही, सगळीकडे आहे.

वर होती अंबाडी. सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी कन्नडहून आमच्या सिडकोतल्या घरी आल्या, तेव्हा पदराच्या गाठीत बी घेऊनच आल्या. आधी रंगाची एक रिकामी बादली भरली. मग त्यांची पद्धत सुरू झाली. मंडईत अंबाडी मुळासकट उपटून आणतात याचा त्यांना फार राग. त्या खाली फुटव्याचे दोन डोळे ठेवून वरचं तेवढं छाटायच्या. राहिलेला खुंट बगलेतून पुन्हा फुटायचा. भाजीला पानं काढून घेतली की उरलेल्या काड्याही टाकायच्या नाहीत. तिरपा काप द्यायचा, काडी ओल्या मातीत खुपसायची आणि जिन्याच्या सावलीत ठेवायची. वरून प्लास्टिकचा ग्लास पालथा. आठवड्यात काडी मूळ धरायची. बादल्या संपल्यावर जुना कुकर, फुटकी परात, मुलीचा शाळेतला डबा, मी फेकायला काढलेलं मिक्सरचं भांडं, सगळं भरलं. एका बादलीची अशी अख्खी गच्ची झाली.

गंमत अशी की या अंबाडीचं पान कोवळेपणी साधं, गोलसर असतं. मंडईतल्या जुडीत तेच दिसतं. झाड कमरेएवढं झालं की वरच्या पानांना बोटं फुटतात. माझ्या नवऱ्याने जन्मभर अंबाडी खाल्ली, पण ताटातच पाहिली. चौथीत असताना त्याला शिकायला शहरात मामाकडे ठेवलं, तेव्हापासून मातीशी संबंध आला तो फक्त बुटाला लागली तर.

मी परोपरीने सांगितलं की बाबा, रोज पानं मी निवडते, ही अंबाडीच आहे. पण त्याचा बायकोपेक्षा फोनवर जास्त विश्वास. तोडून एक पान चाखून बघ म्हटलं, तर म्हणाला, "आणि चढली म्हणजे?" परवाच वाटीभर खाल्लीस की, म्हटलं. त्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. परवा जेवणानंतर मला कशी गुंगी आली होती, आठवतंय ना, म्हणाला. आता ज्वारीच्या तीन भाकऱ्या आणि भाजीवर लसणाची फोडणी ओतून खाल्ल्यावर माणूस झोपणार नाही तर काय नाचणार? पण त्याला पुरावा मिळाला होता.

इतर वेळी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच दिवसांत मुलीच्या पासपोर्टसाठी पोलीस घरी येणार होते. तिला जर्मनीत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. त्यासाठी ती दोन वर्षं आरशासमोर उभी राहून तोंड वेडंवाकडं करत ती भाषा शिकली होती. पासपोर्ट अडला असता तर सगळंच गेलं असतं, आणि ती जावी असं तिच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं. त्यामुळे नवऱ्याचा वेडेपणा दिसत असूनही मीही एकदा चोरून वर जाऊन पान चावून आले.

आईला विचारायची त्याची छाती नव्हती. त्या दुपारी सासूबाई आडव्या झाल्या तसा हा स्वयंपाकघरातली कात्री घेऊन वर गेला आणि सगळी गच्ची भादरून आला. मुळं उपटायला लागला होता, पण कंबर धरली म्हणून खुंट तसेच सोडले. छाटलेलं सगळं गोणीत कोंबलं. मग प्रश्न पडला की टाकायचं कुठे? घंटागाडीत टाकलं तर गाडीवाला बघणार, नाल्यात टाकलं तर शेजारी बघणार. गोणी जिन्यातच राहिली आणि हा तिच्यापुढे खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला.

सासूबाई उठल्या, चहा प्यायल्या, जिन्यात आल्या आणि गोणीत डोकावल्या. आता भूकंप होणार म्हणून मी ओट्याला धरून उभी. पण त्यांनी पदर डोळ्याला लावला. ज्या लेकाला लहानपणीच दुसऱ्याच्या दारी ठेवलं, त्याने आज न सांगता आईची भाजी काढली. खुंटसुद्धा ठेवले, अगदी त्यांच्यासारखे. त्यांनी तडक सोयगावला बहिणीला फोन लावला. "माह्या लेकानं अंबाडी काढली आज. लई नामी छाटली." हा बाजूलाच उभा होता.

रात्री आम्ही सगळ्यांनी भाजी खाल्ली, त्याने भाकरी आणि ठेचा. उरलेल्या सगळ्या काड्या सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यालाच शेजारी बसवून खुपसल्या. पावसाळ्याचे दिवस होते. खुंटही फुटले, काड्याही लागल्या. पोलीस महिन्याभराने आले, तोवर जिथे एक झाड होतं तिथे चार झाली होती, आणि चारही पंजा पसरून.

आलेले हवालदार मध्यमवयीन आणि निवांत होते. त्यांनी कागद पाहिले, मुलीला दोन प्रश्न विचारले, शेजाऱ्यांची सही घेतली. चहा घेता घेता सहज विचारलं, किती वर्षं राहता इथं? नवरा म्हणाला, "वीस. गच्चीवर काही नाही."

हवालदारांनी कप खाली ठेवला.

पुढे ते, मागे हा, त्याच्या मागे मी आणि मुलगी, अशी आमची वरात वर गेली. हवालदार दारातच थांबले. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ही झाडं कोणाची, असं त्यांनी विचारलं, तर नवऱ्याने सांगितलं की आमची नाहीत, वाऱ्याने बी येतं, आपण काय करणार. कुकरमध्ये वाऱ्याने बी कसं पडतं आणि वर ग्लास कोण झाकतं, हे त्याने सांगितलं नाही.

तेवढ्यात एकेक पायरी चढत सासूबाई पोचल्या. धाप लागलेली, तरी चेहरा उजळलेला. "समदी माह्या लेकानं लावलीत," त्या म्हणाल्या. "छाटली बी त्यानंच."

नवऱ्याने डोळे मिटले. सासूबाईंनी मात्र एक शेंडा खुडून हवालदारांच्या हातात दिला आणि खाऊन बघायला सांगितलं. हवालदारांनी पान चावलं. एक डोळा आपोआप बारीक झाला. मग दुसरं पान चावलं.

"अंबाडी हाय की. आमच्या घरी कण्या घालून करत्यात." मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही खात नाय व्हय?"

मुलीने एक पान तोडून बापाच्या तोंडापुढे धरलं. त्याने ते सगळ्यांसमोर खाल्लं, आणि त्याचं तोंड असं आंबट झालं की हवालदारही हसले. सासूबाईंना कशाचाच पत्ता लागला नाही. लेकाने भाजी लावली आणि ती बघायला खुद्द सरकारचा माणूस आला, एवढंच त्या सोयगावला सांगतात. आम्हीही ते तसंच राहू दिलं.

पासपोर्ट आला, मुलगी गेली. घर इतकं रिकामं झालं की पहिले काही दिवस मला तिच्या खोलीत झाडू मारवत नव्हता. नवरा मात्र रोज सकाळी गच्चीवर जायला लागला, कात्री घेऊन.

परवा तिचा फोन आला. आजीने तिच्या येसूर मसाल्याच्या डब्यात अंबाडीचं बी दडवलं होतं, ते तिने खिडकीत लावलं आणि आता त्याला बोटं आली आहेत. घरमालकीण बाई येऊन पाहून गेली. रागावली नाही. तिकडे म्हणे घरात गांजाची तीन झाडं लावायची मुभा आहे, पण तुझी चार आहेत, एक कमी कर, म्हणाली.

"तोडून टाक," नवरा किंचाळला. "आत्ताच्या आत्ता तोड."

मागून सासूबाईंनी फोनकडे तोंड केलं. "तोड, पण खाली दोन डोळे ठेव बाई. अन् काडी फेकू नको. खुपस."