कोबी झेलणारी गोलकीपर

फुटबॉल क्लबात माझी निवड झाली ती कोबीमुळे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मखमलाबादला आमचा मळा. वाशीच्या भाजी मार्केटला जाणारा टेम्पो भरताना वडील खालून "घे!" म्हणत गड्डा फेकायचे, मी वर उभी राहून तो झेलायचे आणि वळून मागे रचायचे. शेकडो गड्डे, पण एकही खाली पडत नसे. याला कला म्हणतात हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

ते कळलं देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांना. ताजी भाजी घ्यायला ते मळ्यावर आले आणि पिशवी विसरून माझ्याकडेच बघत राहिले. त्यांनी मुलींचा फुटबॉल क्लब काढला होता. मुली जमल्या होत्या दहा, त्यातल्या दोघी कबड्डी आहे समजून आलेल्या. गोलकीपर नव्हतीच.

"ही मुलगी आम्हाला द्या," ते म्हणाले. वडिलांना आधी वाटलं, स्थळ आलंय.

सराव चारला आणि टेम्पोही चारलाच. माझ्या जागी काका वर चढले. त्यांच्या हातून रोज गड्डे फुटायचे, रोज घरात कोबीची भाजी व्हायची आणि ताटावर बसलं की सगळे फुटबॉलला शिव्या द्यायचे. शेवटी वडिलांनी फैसला केला, "एक मॅच बघतो. पोरीत दम असंल तर खेळू दे. नायतर दुसऱ्या दिवसापासून टेम्पोत."

मला खेळायचं होतं. त्या दोन खांबांमधली जागा फक्त माझी होती. घरात अशी जागा मला कधी मिळालीच नव्हती. 

वडील धुतलेलं उपरणं घालून आले आणि थेट माझ्या गोलमागे उभे राहिले. पहिला हाफ बरा गेला; बाजू बदलल्या तसे वडीलही फिरून माझ्या मागे आले. मग समोरच्या संघाच्या मुलीने लांबून जोरात बॉल मारला. बॉल वरून येताना पाहून वडिलांना राहवलं नाही. सवयीने ते गरजले, "घे!"

मी उडी मारून तो सुरेख झेलला, वळले आणि नीट मागे ठेवला. रेषेच्या आत, आमच्याच गोलमध्ये.

सगळं मैदान हसलं. सुभेदारांनी डोक्याला हात लावला. हरून परत येताना वडील जोरजोरात सायकल हाणत होते. मी कॅरिअरवर बसून रडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पो तीनलाच बोलावला. मी समजले आणि मुकाट्याने वर चढले. "घे!" गड्डा आला. मी झेलला, वळले.

"मागं नको," ते खालून ओरडले, "इकडं फेक, माझ्याकडं."

मी फेकला. त्यांनी झेलला, परत माझ्याकडे फेकला. असं तासभर चाललं. टेम्पोत एकही गड्डा रचला गेला नव्हता आणि ड्रायव्हर कपाळाला आठ्या घालून बसला होता.

मग वडील काकांना म्हणाले, "चढ वर. हिला सरावाला उशीर होतोय."

पुढे ते माझ्या प्रत्येक मॅचला आले. गोलमागेच उभे राहायचे, शिट्टी वाजेपर्यंत उपरण्याचं टोक दातात घट्ट धरून.